जुन्या गाडीचा कार्बोरेटर बदलायचा तर: बेळगावच्या उंचीवर, ई-२० पेट्रोलवर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पद्मिनी, अँबेसेडर, जुनी जिप्सी किंवा पेट्रोल जीप अजूनही दारात उभी दिसते. बहुतेक मालकांची तक्रार सारखीच असते: चढाला दम राहिला नाही, ॲव्हरेज पडलं, सिग्नलला उभी केली की बंद पडते. गॅरेजमध्ये यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘कार्बोरेटर गेलाय, मोठा बसवून टाकू.’ ते कधी बरोबर असतं. पण पुष्कळदा जुना कार्बोरेटर फक्त झिजलेला असतो आणि नवा मोठा बसवून दुखणं तिथंच राहतं, वर पेट्रोल जास्त जळतं.

म्हणून आधी हे यंत्र करतं काय ते पाहू.

फ्लिटचा हातपंप आठवत असेल. नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो आणि खालच्या डब्यातलं औषध वर चढून हवेत फवारलं जातं. कार्बोरेटरमध्ये तेच घडतं. हवेचा मार्ग मध्ये आवळलेला असतो, त्याला व्हेंचुरी म्हणतात. तिथं हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबानं जेटमधून वर ढकललं जातं. किती पेट्रोल जायचं हे दोन गोष्टी ठरवतात: व्हेंचुरीतली खेच आणि जेटचं भोक. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. १२५ नंबरचा जेट म्हणजे १.२५ मिमीचं भोक.

पण मेन जेट थ्रॉटल (ॲक्सिलरेटरनं उघडणारं हवेच्या वाटेतलं पान) साधारण पाव उघडल्यावर कामाला येतो. त्याच्या आधी, म्हणजे इंजिन नुसतं चालू असताना, व्हेंचुरीत खेच नसते. तेव्हा पेट्रोल आयडल जेटमधून, थ्रॉटलच्या पानाखालच्या बारीक भोकातून येतं. पाय थोडा दाबला की पानाच्या कडेजवळची आणखी दोन-तीन भोकं उघडी पडतात. याला प्रोग्रेशन म्हणतात. पाय एकदम दाबला तर हवा क्षणात वाढते, पेट्रोल मागं राहतं, म्हणून एक छोटा पंप वेगळी पिचकारी मारतो. तक्रार कुठल्या वेळची आहे हे नीट ऐकलं तर यातल्या कोणत्या वाटेत बिघाड आहे ते बऱ्याच अंशी कळतं. नुसत्या रनिंगवर, म्हणजे आयडलवर, बंद पडते तिथं मेन जेट बदलून काही होणार नाही, आणि ३० च्या वेगात धक्के खाणाऱ्या गाडीचा दोष बहुधा प्रोग्रेशनच्या भोकात अडकलेल्या कचऱ्यात असतो.

विकत घेण्याआधी

कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टर पाच-सहा फेरे. चार सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एक गोष्ट इथं लक्षात ठेवायची: बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे पुस्तकातला १४० पीएसआयचा आकडा निरोगी इंजिनवरही इथं १२८-१३० च्या आसपासच दिसेल. तेवढ्यासाठी रिंगा बदलायला निघू नये.

मग व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या स्विचचा) गॅप, ठिणगीचं टायमिंग. अँबेसेडरच्या ल्युकस डिस्ट्रिब्युटरला पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी लागतो. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डायफ्राम फाटला असेल तर पिकअप मेलेला वाटतो आणि बोट कार्बोरेटरकडे जातं. डायफ्रामची नळी काढून तोंडानं ओढून बघा. जीभ लावून धरल्यावर खेच टिकली पाहिजे.

यानंतर जुन्या कार्बोरेटरकडे वळायचं. थ्रॉटलचा शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर शाफ्टच्या बाजूनं हवा आत जाते आणि रनिंग कधीच स्थिर राहत नाही, स्क्रू कितीही फिरवा. हा आजार बरा होतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बारीक मशिनिंग करणारे टर्नर आहेतच; बॉडी रीम करून ब्रॉन्झचे बुश ठोकायचे, शाफ्ट सरळ नसेल तर नवा करायचा. काम नाजूक आहे, कारण दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत राहिली नाहीत तर पान अडकतं. पण चांगल्या सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरला बुश, नवा नीडल-सीट (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक), नवी पॅकिंग आणि नवा पंप डायफ्राम एवढं दिलं तर निम्म्याहून जास्त गाड्यांना मोठ्या कार्बोरेटरची गरजच उरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खालची फ्लँज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनावर बसतो ती सपाट कड, हीसुद्धा तपासा. वर्षानुवर्षं नट जास्त आवळल्यानं तिचे कान वाकलेले असतात. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरून, थोडं तेल टाकून, आठाच्या आकड्यासारखी घासत न्यायची. सगळीकडे एकसारखी चमक आली की सपाट झाली.

किती मोठा?

सगळा गोंधळ इथं होतो. एकाच गळ्यातून चारही सिलिंडर श्वास घेतात, पण एका वेळी एकच. म्हणून व्हेंचुरीचं माप एका सिलिंडरच्या आकारावरून काढतात. हिशेब सोपा आहे: एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्या, तिला जास्तीत जास्त आरपीएमच्या हजारांनी गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि २० नं गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. एक सिलिंडर ०.२७२ लिटर, ५००० आरपीएम धरले तर ०.२७२ गुणिले ५ म्हणजे १.३६, वर्गमूळ १.१७, व्हेंचुरी साधारण २३ मिमी. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन ४५०० आरपीएमला धरलं तर उत्तर २६ मिमी येतं. १२९८ सीसीच्या जिप्सीला ६००० आरपीएमवर २८ मिमी.

आता बाजारात सर्वांच्या तोंडी असलेला वेबर ३२/३६ घ्या. ३२ आणि ३६ हे थ्रॉटलच्या पानांचे व्यास आहेत. आतल्या व्हेंचुऱ्या २६ आणि २७ मिमीच्या असतात. पहिला गळा आधी उघडतो, आणि पेडल साधारण दोन-तृतीयांश दाबल्यावर दुसरा उघडू लागतो. अँबेसेडरला हे जमतं, कारण रोजच्या चालण्यात २६ मिमीचा एकच गळा काम करतो आणि दुसरा चढाला किंवा ओव्हरटेकला मदतीला येतो. पद्मिनीला मात्र हाच पहिला गळा क्षेत्रफळानं २५ टक्के मोठा पडतो. हवेचा वेग २० टक्क्यांनी घटतो, आणि खेच वेगाच्या वर्गावर चालत असल्यानं ती ३५ टक्क्यांनी पडते. परिणाम: ४० च्या वेगात टॉपला गाडी कुथते, पेट्रोल थेंबाथेंबानं आत पडतं, नीट मिसळत नाही. हा वेबर पद्मिनीला गावात रडवतो आणि हायवेला पाच-सात किलोमीटर वेग वाढवतो, एवढाच सौदा.

पद्मिनीला बरेच मिस्त्री मारुतीचा मिकुनी बसवतात. कल्पना वाईट नाही. तो लहान इंजिनासाठीच बनलेला आहे. पण दोन अडचणी येतात. त्याची फ्लँज वेगळी असल्यानं मध्ये प्लेट लागते. आणि त्याला रनिंगचं पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड असतो, ज्याला इग्निशन चालू असताना १२ व्होल्ट मिळालेच पाहिजेत. वायर न जोडता गाडी चालू केली की रेस दिल्यावर ठीक, पाय सोडला की बंद. इथं कितीतरी चांगले कार्बोरेटर ‘खराब’ म्हणून परत जातात.

अँबेसेडरबद्दल आणखी एक. १४८९ सीसीच्या या इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरना मिळून हवेची दोनच तोंडं आहेत, प्रत्येकी दोन सिलिंडर वाटून घेतात. कार्बोरेटर कितीही मोठा असो, या तोंडांतून जाईल तेवढीच हवा जाणार. त्यामुळे वेगाची मोठी आशा ठेवू नका. चांगला पिकअप, सकाळी पटकन चालू होणं, चढाला तिसरा गिअर टिकणं, एवढं मिळालं तर काम झालं म्हणायचं.

विकत घेताना नकली माल सांभाळा. वेबरच्या हुबेहूब प्रती मिळतात. त्यात जेटवर एक नंबर आणि भोक दुसरंच असं सर्रास असतं. शंका आली तर जेट वेगळे अस्सल घ्यावेत. जेटमध्ये तार घालायची नाही, ड्रिलनं भोक वाढवायचं तर नाहीच. आतला कोन आणि गुळगुळीतपणा बिघडला की नंबरला अर्थ उरत नाही.

उंचीचा हिशेब, आणि पेट्रोलनं बदललेला खेळ

बेळगावची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे. तेवढी ताकद कमी होणारच, ती कोणताही कार्बोरेटर परत आणून देत नाही. मिश्रणाचं काय होतं? हवा विरळ झाली तरी कार्बोरेटर पेट्रोल त्याच प्रमाणात कमी करत नाही. मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं जाड होतं, म्हणजे त्यात हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं (उलट झालं की पातळ). बेळगावला ते साधारण ४ टक्के. जुने मिस्त्री म्हणूनच सांगत आले की घाटावर जेट एक नंबर लहान घाला. साध्या पेट्रोलच्या काळात सल्ला अगदी बरोबर होता.

आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा पुरते, ई-२० ला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल ८-९ टक्के जास्त हवं, आणि जेट तर जुनाच. मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं. उंचीनं ४ टक्के जाड, इथेनॉलनं ८ टक्के पातळ. बेळगावात दोन्ही मिळून ४ टक्के पातळ. तीच गाडी चोर्ल्यानं उतरून गोव्यात गेली की उंचीचा आधार जातो आणि ती पूर्ण ८ टक्के पातळ चालते. लांब सपाट रस्त्यावर पाय दाबून ठेवला की खणखण आवाज, तापलेलं इंजिन आणि पांढरा पडलेला प्लग, हे यामुळं.

भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. १२५ चा जेट १२७.५ केला तर पेट्रोल ४ टक्के वाढतं, १३० केला तर ८ टक्के. म्हणजे गाडी बेळगाव-संकेश्वर-गोकाक अशी घाटावरच फिरत असेल तर साध्या पेट्रोलच्या काळातल्या मूळ जेटपेक्षा एक नंबर (म्हणजे अडीच आकडे) मोठा पुरे. महिन्यातून दोनदा गोव्याला जाणाऱ्यानं दोन नंबर मोठा घालावा. बेळगावात तो तीन-चार टक्के जाड पडेल, थोडं पेट्रोल जास्त लागेल, पण इंजिन सुरक्षित राहील. जाड मिश्रणानं खिसा कापला जातो, पातळ मिश्रणानं पिस्टन. ज्यांनी ई-१० च्या काळात जेट आधीच वाढवून घेतला असेल त्यांनी पुन्हा पूर्ण वाढवू नये, अर्धाच हिशेब धरावा. आयडल जेटही याच प्रमाणात बघावा लागतो.

इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला आणि ओलाव्याला. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ होतात, आतून सोलटतात आणि ते तुकडे नीडलमध्ये येऊन अडकतात. कार्बोरेटर बदलताना टाकीपासून पुढची प्रत्येक रबरी नळी बदलाच. ‘जे-३० आर-९’ असा छाप असलेली घ्या. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओली हवा कमी राहते. पाणी जास्त झालं की इथेनॉल ते घेऊन तळाशी बसतं, आणि जे आधी इंजिनाकडं जातं ते हेच.

बसवताना

बॅटरीची निगेटिव्ह काढा. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवा, बादलीभर पाणी नको. पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं.

जुना कार्बोरेटर काढल्यावर मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडं मिश्रण नेणाऱ्या नळीचं) तोंड स्वच्छ फडक्यानं बंद करा. आत पडलेला एक वॉशर हेड उतरवायला लावतो. जुनी पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडे नकोत.

ॲडॅप्टर प्लेट लागणार असेल तर १० ते १२ मिमीचं ॲल्युमिनियम घ्या. उद्यमबागेत मिलिंगवर ती तासाभराचं काम आहे, पण टर्नरला दोन्ही फ्लँजचे ठसे जाड कागदावर काढून द्यावे लागतात, नुसतं तोंडी माप चालत नाही. वरची दोन भोकं आणि खालचं एक तोंड यांच्यामध्ये पायरी राहू देऊ नका, उतार द्या. पायरीवर पेट्रोल साचतं आणि वळणावर एकदम आत जातं. पानं पूर्ण उघडताना प्लेटच्या कडेला घासत नाहीत हे हातानं फिरवून बघा, आणि बोल्टची डोकी पूर्ण आत बुडलेली असू द्या.

प्लेटच्या वर किंवा खाली ६ ते १० मिमीचा बेकेलाइटचा तुकडा घाला. तो वाचवून पैसे वाचत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात निपाणीहून येऊन गाडी दहा मिनिटं उभी केली की मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं, आणि मग स्टार्टर फिरत राहतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर लवकर वाफ होतं. एक्झॉस्टजवळून जाणारी पेट्रोलची नळी असेल तर तिचीही वाट बदला.

प्लेट, बेकेलाइट आणि उंच कार्बोरेटर मिळून वर किती जागा उरते? फिल्टरच्या झाकणावर कणकेचा गोळा ठेवून बोनेट हळूच बंद करा, उघडा, आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. १५ मिमीपेक्षा कमी असेल तर इंजिन हलताना झाकण बोनेटला लागेल.

फ्लोटची वाटी शक्यतो गाडीच्या तोंडाकडं यावी, म्हणजे चढावर पेट्रोल जेटच्या बाजूला राहतं. नट एकाआड एक, थोडे-थोडे आवळा. कार्बोरेटरची फ्लँज लहान असते, जोर लावून ती वाकवायची नाही. न लागणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांची तोंडं बंद करा, पण दोन महिन्यांत तडकणाऱ्या स्वस्त रबरी टोप्यांनी नको.

ॲक्सिलरेटरला दोन स्प्रिंगा लावा. एक तुटली तरी पान बंद झालं पाहिजे. मग एकानं आत बसून पेडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्यानं वरून बघायचं, पानं उभी होतात की नाही. आश्चर्य वाटेल, पण ‘नवा कार्बोरेटर घालून फरक पडला नाही’ अशा गाड्यांत केबलच पाऊण उघडत असलेली पुष्कळदा आढळते. पेट्रोलचा दाबही मोजा. वेबरला २.५ ते ३.५ पीएसआय हवा. इलेक्ट्रिक पंप बसवलात तर रेग्युलेटर लागेलच, नाहीतर नीडल दाब धरू शकत नाही, ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. इलेक्ट्रिक पंपाला ऑइल प्रेशरवर चालणारा कट-ऑफही जोडा. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप चालू राहता कामा नये.

एअर फिल्टरबाबत आम्ही जुन्या विचाराचे आहोत. उघडा मशरूमसारखा फिल्टर आवाज छान करतो, पण बोनेटखालची हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि बोनेटखाली ६० अंश असतील तर त्या हवेची घनता ९ टक्क्यांनी कमी. बेळगावच्या उंचीनं जेवढं नेलं तेवढंच पुन्हा घालवलं. शिवाय ऊस वाहतुकीच्या दिवसांत चिकोडी-निपाणीकडची धूळ आणि खानापूरची तांबडी माती. बंद डबा, कागदी फिल्टर आणि ग्रिलमागून येणारी ५०-६० मिमीची नळी हे साधं काम मोठ्या कार्बोरेटरइतकं फळ देतं.

ट्यूनिंग

इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका, आणि चोक पूर्ण उघडलेला असू द्या. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हातानं टेकेपर्यंत आत, मग दोन फेरे बाहेर. जोरात आवळला तर टोकावर खाच पडते आणि तो कायमचा गेला. रनिंग ८०० च्या आसपास ठेवून मिक्श्चर हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळू लागलं की पाव फेरा परत बाहेर. सर्वांत गुळगुळीत जागा दीड ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान आली पाहिजे. अडीचच्या पुढं उघडावा लागतोय तर आयडल जेट लहान आहे, दीडच्या आत येतोय तर मोठा. रनिंगचा स्क्रूही बघा. पान उघडण्यासाठी तो टेकल्यापासून दीड फेऱ्याहून जास्त फिरवावा लागला तर प्रोग्रेशनची भोकं आधीच उघडी पडली, आता पाय टेकवताना झटका बसणार.

व्हॅक्यूम गेज लावणाऱ्यांसाठी: पुस्तकात १८ ते २० इंच लिहिलेलं असतं. दर १००० फुटांना साधारण १ इंच कमी धरायचं, म्हणजे बेळगावात १५.५ ते १७.५ इंच हे उत्तम. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागं आहे किंवा पॅकिंगमधून हवा जाते आहे. हवा कुठून जाते ते शोधायला फ्लँजच्या कडेनं थोडं पाणी फवारा. रनिंगचा आवाज बदलला की जागा सापडली. क्लीनरचा स्प्रे मारणारे मारतात, पण गरम एक्झॉस्टच्या वर तो मारणं धोक्याचं आहे.

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी कार्बोरेटरच्या ज्या तोंडाला जोडायची तिथं नुसत्या रनिंगवर खेच नसावी, थ्रॉटल किंचित उघडल्यावर यावी. मूळ गाडीला तसंच होतं. चुकून मॅनिफोल्डच्या खेचेला जोडली तर रनिंग वाढतं, मग लोक रनिंगचा स्क्रू मागं घेतात, आणि गिअर टाकताना गाडी बंद पडते.

मेन जेट रस्त्यावर ठरतो. वंटमुरी घाटाचा चढ यासाठी चांगला आहे: तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पेडल, पंधरा-वीस सेकंद. वाहतूक बघून, पहाटे. मग क्लच दाबून इंजिन त्याच क्षणी बंद करा, बाजूला घ्या आणि प्लग काढून बघा. शुभ्र आणि कोरडा तर पातळ. काळी काजळी तर जाड. फिका तपकिरी ठीक. ई-२० वर रंग एरवीही फिकट दिसतो, म्हणून निव्वळ रंगावर भरवसा थोडा कमीच ठेवा. धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर मिळत असेल तर सायलेन्सरच्या पाइपवर, मॅनिफोल्डपासून दीड-दोन फुटांवर, त्याचं नट वेल्ड करून घ्या. त्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाण न बघता लॅम्डा बघावा, म्हणजे मिळालेली हवा भागिले लागणारी हवा. पेट्रोलच्या पट्टीवरचा १४.७ चा आकडा ई-२० ला लागू नाही, लॅम्डा मात्र कुठल्याही पेट्रोलला तोच. सपाट रस्त्यावर १ च्या आसपास, पूर्ण पेडलला ०.८६ ते ०.८८.

पेडल एकदम दाबल्यावर क्षणभर दम खाते आणि मग पळते, तर पंपाची पिचकारी कमी किंवा उशिरा. इंजिन बंद ठेवून वरून बघा: पेडल हललं की त्याच क्षणी धार आली पाहिजे, भिंतीला न लागता सरळ खाली. काळा धूर सोडून मग पळते, तर पिचकारी जास्त.

घाट आणि पाऊस

वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी, पाटणे फाटा करत जुलैत आंबोलीला गेलात आणि गाडी रनिंगवर बंद पडू लागली, पाच मिनिटं उभी केली की काहीच झालं नाही अशी चालू झाली, तर घरी येऊन कार्बोरेटर खोलू नका. पेट्रोलची वाफ होताना गळ्यातलं तापमान १५-२० अंशांनी उतरतं. बाहेर २० अंश आणि हवा पाण्यानं भरलेली असेल तर थ्रॉटलच्या पानाजवळ खरोखर बर्फ धरतो. उभ्या गाडीत मॅनिफोल्डच्या उष्णतेनं तो वितळतो आणि पुरावाच राहत नाही. पावसाळ्यापुरती फिल्टरची नळी एक्झॉस्टजवळून गरम हवा घेईल अशी वळवायची, ऑक्टोबरात परत ग्रिलमागं.

घाट उतरताना सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर आधी एक्झॉस्टच्या जोडातली गळती बघा, मग रनिंगचं पातळ मिश्रण.

एमिशनला जाताना इंजिन गरम असू द्या. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला रनिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. नीट ट्यून केलेला कार्बोरेटर याच्या बराच खाली येतो. आरसीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर कार्बोरेटरचं काम त्याच्या महिनाभर आधी उरका, कारण नवी पॅकिंग बसायला आणि जेट ठरायला तेवढे दिवस जातात.

पहिल्या ३०० ते ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनवर सगळे नट पुन्हा बघा. बेकेलाइट आणि पॅकिंग दोन्ही थोडी दबतात, नट सैल पडतात. आवळल्यावर मिक्श्चरचा स्क्रू पुन्हा एकदा गरम इंजिनवर लावून घ्या, आणि वाटीच्या तळाशी काही साचलंय का ते झाकण उघडून बघा. जुन्या टाकीचा गंज पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त येतो. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावला असेल तर त्यात तो दिसेलच.